गळाचे साहित्य आणि भोयाचा शब्द

स्कॉटलंडमधल्या टे नदीवर सॅमन माशाचा हंगाम दरवर्षी १५ जानेवारीला उघडतो. केनमोर गावात बॅगपाइप वाजतात, नावेवर व्हिस्की शिंपडली जाते आणि मग पहिला गळ पाण्यात पडतो. डी आणि ट्वीड या नद्या १ फेब्रुवारीला उघडतात, स्पे ११ फेब्रुवारीला. पाणी तेव्हा बर्फाच्या जवळपास असते. कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून माणूस दोन्ही हातांनी लांब काठी फिरवतो आणि पिसांची बांधलेली एक खोटी माशी, ज्याला तिकडे 'फ्लाय' म्हणतात, खोल आणि संथ वाहू देतो. थंडीने मासा मंदावलेला असतो. वरवरच्या, झपाट्याने जाणाऱ्या माशीमागे तो येत नाही.

या वसंतातल्या सॅमनची गोष्ट विलक्षण आहे. तो समुद्रातून नदीत चढतो तो अंडी घालण्यासाठी, आणि अंडी घालायला अजून आठ-नऊ महिने असतात. नदीत शिरल्यापासून तो खाणे थांबवतो. समुद्रात साठवलेल्या चरबीवर तो हिवाळ्यापर्यंत काढतो. मग जो मासा खातच नाही तो पिसांच्या माशीला तोंड का लावतो? चिडून, जुन्या सवयीने की आपली जागा राखायला, यावर इंग्रजीत दोन शतके वाद चालू आहे आणि त्या वादातून कपाटेच्या कपाटे भरली आहेत. त्यात आता कायद्याची भर पडली. २०१५ पासून स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलपूर्वी सापडलेला प्रत्येक सॅमन जिवंत परत सोडावा लागतो. मासा खाण्यासाठी येत नाही आणि माणूसही त्याला खात नाही. उरतो तो छंद, आणि छंदाचे साहित्य.

हे साहित्य जुने आहे. गळाने मासे पकडण्यावरचा इंग्रजी प्रबंध १४९६ साली छापला गेला. आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ चे. जॉर्ज केल्सनने १८९५ साली फक्त सॅमनच्या माशा कशा बांधाव्यात यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. असे काही आपल्याकडे आहे का, असे मराठी वाचकाने विचारले की हल्ली एक तयार उत्तर मिळते: आहे, आणि त्यांच्याही आधीचे आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास', त्यातला 'मत्स्यविनोद' हा अध्याय. व्याख्यानांत आणि वर्तमानपत्री लेखांत 'मासेमारीच्या छंदावरचे जगातले पहिले पुस्तक' म्हणून त्याचा उल्लेख होतो. या लेखात मला हे उत्तर तपासायचे आहे. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही, पण ते अर्धे आहे, आणि राहिलेला अर्धा भाग आपल्या नद्यांच्या काठी आहे.

'पहिले' या शब्दाचा निकाल लवकर लावता येतो. ईलियन नावाच्या लेखकाने इसवी सनाच्या २०० च्या सुमारास मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर आणि पिसे बांधून मासे कसे फसवतात हे लिहून ठेवले आहे. ऑपियनचे मासेमारीवरचे ग्रीक काव्य दुसऱ्या शतकातले. तेव्हा पहिलेपणाचा हट्ट सोडलेला बरा. 'मत्स्यविनोदा'चे मोल त्या हट्टावर अवलंबून नाही.

'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणि' शके १०५१ चा, म्हणजे इसवी सन ११२९ चा. राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. तिथे आजही कन्नडबरोबर मराठी ऐकू येते. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, एकूण शंभर. गो. का. श्रीगोंदेकरांनी संपादित केलेली आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेतून १९२५, १९३९ आणि १९६१ अशी तीन खंडांत निघाली. चौथी विंशती विनोदांची, म्हणजे करमणुकींची. हत्ती, घोडे, मल्ल, कोंबडे, कुत्रे यांच्या रांगेत मासा येऊन बसतो.

आणि काय बारकाईने बसतो! समुद्रातले आणि नदीतले मासे वेगळे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे वेगळे, लहान-मोठे वेगळे. तीस-पस्तीस जाती नावानिशी येतात. कोणता मासा काय खातो, त्याला घाटाजवळ आणून माणसाळवायचे तर काय टाकायचे, हे सांगितले आहे: कोणाला पेंडीचे-पिठाचे गोळे, कोणाला मांस. मग दोरा, काठी, गळ आणि आमिष. माशांचे अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या अध्यायावर लिहिले तेव्हा त्यांना भुरळ पडली ती या निरीक्षणाची. पोथ्यांतून उतरवलेले हे ज्ञान नाही. पाण्याशेजारी आयुष्य काढल्याशिवाय कोणत्या माशाला पेंड आवडते हे कळत नाही.

पण पाण्याशेजारी आयुष्य काढले कोणी? राजाने नक्कीच नाही. शास्त्रग्रंथाच्या विध्यर्थी क्रियापदांत कर्ता सहज लपतो. गोळे करावेत, पाण्यात टाकावेत, मासे जमू द्यावेत. करणारा कोण ते वाक्याला सांगावे लागत नाही. रोज पहाटे घाटावर जाऊन गोळे टाकणारा, माशांची चाल ओळखणारा, राजा येऊन बसण्याआधी सगळी सिद्धता करून ठेवणारा एक माणूस या अध्यायाच्या प्रत्येक ओळीमागे उभा आहे. भोई म्हणा, ढीवर म्हणा, कोळी म्हणा. तो मत्स्यविनोदात माहिती म्हणून आहे, माणूस म्हणून नाही.

हा आक्षेप बाराव्या शतकातल्या राजावर आजचे माप लावणारा वाटेल. पण माप त्याच ग्रंथातले आहे. याच विनोदविंशतीत, संगीताच्या अध्यायात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद सोमेश्वराने केली आहे. मराठीच्या प्रत्येक इतिहासकाराला ही नोंद ठाऊक असते. उखळाशी बसलेल्या बाईचे गाणे राजाच्या कानापर्यंत गेले, तिचा प्रदेश, तिचे काम आणि तिच्या छंदाचे नाव ग्रंथात आले. गाण्याच्या बाबतीत जे त्याला सुचले ते माशांच्या बाबतीत सुचले नाही. गाणे ही कला आहे असे तो मानत होता. मासा पकडणे ही मात्र कला तेव्हाच, जेव्हा ती राजा करतो.

माशांची नावेही हेच सांगतात. रोहित, पाठीन ही संस्कृत वाङ्मयातली ओळखीची नावे. उरलेल्यांत बरीच नावे सरळ सरळ लोकभाषेतली दिसतात, संस्कृतचा अंगरखा घातलेली. त्यांपैकी काही म्हणजे आजचा नेमका कोणता मासा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

आता दुसरे कपाट. इंग्रज इथे आले तेव्हा त्यांच्यातल्या गळवाल्यांनी सॅमनच्या काठ्या बरोबर आणल्या आणि नदीत सॅमन नसल्याने महसीरला सॅमनच्या गादीवर बसवले. (हॉटेलांत 'इंडियन सॅमन' म्हणून मिळतो तो रावस. त्याचा या दोघांशीही संबंध नाही.) मद्रास मुलकी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमसने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळावर पुस्तक लिहिले आणि महसीर ताकदीत सॅमनलाही भारी आहे असे मत ठोकून दिले. पुढे 'स्कीन धू' या टोपणनावाच्या लेखकाचे महसीरवरचे पुस्तक १९२३ साली निघाले. हे टोपणनावच स्कॉटिश: हायलँडचे लोक मोज्यात खोचतात त्या छोट्या सुऱ्याचे नाव. मॅकडॉनल्डचे महसीरला चकवण्यावरचे पुस्तक १९४८ साली प्रसिद्ध केले ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने. म्हणजे या साहित्याची एक पेठ मुंबईतच होती. मराठीत तिचा पडसाद उमटला नाही.

थॉमस वाचताना एक गोष्ट बोचते. लहान घराची जाळी, विष घालून मासे मारणे, बांध घालून पिल्ले अडवणे यांविरुद्ध तो कळकळीने लिहितो आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. अशाच खटपटींतून १८९७ चा मत्स्यव्यवसाय कायदा आला आणि सुरुंग-विष बंद झाले. पण त्याच्या लेखनात नदीकाठचा माणूस दोनच रूपांत येतो: नाश करणारा, नाहीतर साहेबाची पिशवी धरणारा. नदी जाणणारा या रूपात तो क्वचितच दिसतो. सोमेश्वराने त्याला अदृश्य केले, थॉमसने आरोपी केले.

या व्यापारात आपल्या रानातून गेलेल्या एका वस्तूबद्दल इथे लिहिलेच पाहिजे. केल्सनच्या काळातली सॅमनची माशी म्हणजे जगभरच्या पक्ष्यांचे संमेलन: अमेरिकेतला टूकन आणि मकाव, चीनचा सोनेरी फेझंट, आणि जवळजवळ दर दुसऱ्या माशीच्या गालावर राखी रानकोंबड्याचे पीस. हा कोंबडा सह्याद्रीतला आणि सातपुड्यातला. आमच्या बाजूचे लोक मेळघाटात त्याची बांग ऐकतात. नराच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाला मेणासारखा चमकदार पिवळसर ठिपका असतो. पिसाचा दांडाच तिथे पसरट आणि शिंगासारखा कडक झालेला असतो, त्यामुळे पाण्यातही त्याची चकाकी जात नाही. माशीवर तो डोळ्यासारखा दिसतो. १८५० च्या सुमारास बांधल्या गेलेल्या 'जॉक स्कॉट' या विख्यात माशीतही तो आहे. १९०२ साली रानपक्ष्यांची पिसे हिंदुस्थानातून बाहेर पाठवायला बंदी झाली, तोवर किती मानांची पिसे स्कॉटलंडला गेली असतील याचा हिशेब लागणार नाही. इंग्रजी पुस्तकांत त्या माशा प्रथम कोणी बांधल्या त्यांची नावे जपून ठेवलेली आहेत. कोंबडा फासात धरणाऱ्याचे नाव कुठेच नाही.

तरी इंग्रजांपैकी एकाने वेगळे काहीतरी केले, बहुधा स्वतःच्याही नकळत. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीचा लष्करी अधिकारी. १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत फिरला. भीमा, मुळा-मुठा, घोड अशा नद्यांतले मासे त्याने गोळा केले, चितारून घेतले आणि विलायतेस परतल्यावर लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे १८३८ साली त्यांचे वर्णन मांडले. ते १८३९ आणि १८४१ साली छापले गेले. नव्या जातींना लॅटिन नावे देताना त्याने बऱ्याच ठिकाणी काठावर ऐकलेला शब्दच ठेवून दिला.

म्हणून आज जगातल्या कुठल्याही मत्स्यशास्त्राच्या ग्रंथात 'सीनघाला' आहे, म्हणजे आपला शिंगाळा. 'सीनगटी' आहे, म्हणजे शिंगटी. 'कोलस' आहे, म्हणजे कोळस. 'मुल्या', 'बोग्गट', 'पोटैल', 'गोग्रा', 'टाकरी', 'गूंगवारी', 'बलूकी' आहेत. 'रोहटी' तर एका अख्ख्या प्रजातीचे नाव झाले. आणि मुळा-मुठेतल्या ज्या महसीरला त्याने 'खुद्री' म्हटले, तो दख्खनचा महसीर आजही 'टॉर खुद्री' याच नावाने ओळखला जातो. मोल्सवर्थचा कोश याच काळातला. त्यात माशाच्या नावापुढे अनेकदा 'एक मासा' एवढ्यावर काम भागवलेले आहे. कोशकाराने जे सोडले ते लष्करी पाहणीदाराने टिपले, असा उलटा प्रकार.

मात्र साइक्सची यादी दुसऱ्या डोळ्यानेही वाचावी लागते. याच यादीत 'चिल्ड्रेनी', 'यॅरेली', 'ओगिल्बी', 'व्हिगॉर्सी' अशी नावे आहेत. हे सारे लंडनमधले विद्वान: चिल्ड्रेन, यॅरेल, ओगिल्बी, व्हिगर्स. भीमेच्या पाण्यात कधी पाय न घातलेल्या या माणसांची आडनावे माशांना लागली. ज्यांनी मासे धरून आणले, हा शिंगाळा आणि ही रोहटी असे सांगितले, त्यांचा शब्द राहिला पण नाव राहिले नाही. शब्दही रोमन लिपीत गेल्याने थोडा गढूळ झाला. 'गूंगवारी' गुंगवारी होती की घुंगवारी, 'वट्टाना' म्हणजे वटाणाच का, हे कागदावरून ठरत नाही. ज्याच्या तोंडात तो शब्द अजून आहे त्यालाच विचारावे लागते. तरीही मी साइक्सला सोमेश्वराच्या वर ठेवतो. सोमेश्वराने शब्दाला संस्कृत करून घेतले, साइक्सने त्याला मोडकातोडका का होईना, मराठी राहू दिले.

इथे पुन्हा स्कॉटलंडकडे वळायला हवे, कारण त्यांच्याही नदीवर हा माणूस आहे. त्याला 'गिली' म्हणतात. गेलिक भाषेत शब्दाचा मूळ अर्थ पोरगा, चाकर. जमीनदाराच्या पट्ट्यातली नदी त्याला तोंडपाठ असते: पाणी किती चढले की मासा कोणत्या डोहात थांबतो, कोणत्या दगडामागून माशी न्यायची. पैसे मोजून येणारा पाहुणा त्याच्या सांगण्याप्रमाणे काठी फिरवतो. वर्गभेद तिथेही धडधडीत आहे. पण त्यांच्या साहित्यात गिली बोलतो. पाहुण्याची टर उडवतो, आडमुठेपणा करतो, वाचकाच्या लक्षात राहतो. आणि ब्रिटनमध्ये काठीवर धरलेल्या सर्वांत मोठ्या सॅमनचा विक्रम कोणाच्या नावावर आहे? ७ ऑक्टोबर १९२२ रोजी टे नदीवर ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा मासा धरला तो जॉर्जिना बॅलन्टाइन या मुलीने. तिचे वडील तिथल्या पट्ट्यावरचे नावाडी होते आणि त्या दिवशी नाव तेच वल्हवत होते. शंभर वर्षे झाली, विक्रम मोडलेला नाही. ती खोट्या माशीने नव्हे तर छोट्या माशाच्या आमिषाने मासेमारी करत होती, हे माशीवाल्या शौकिनांना अजून खुपत असणार.

आपल्याकडे नावाड्याच्या मुलीचा शब्द कुठे आहे? मराठीत मासा येतो तो स्वयंपाकघरातून, नाहीतर देवळातून. देवळातला मासा मला 'मत्स्यविनोदा'चा खरा वारस वाटतो. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड, वाड्याजवळ वैतरणेवर तिलसे, देहूची इंद्रायणी: या डोहांत महसीर राखले गेले, कारण ते देवाचे. भाविक चुरमुरे टाकतात, मासे हातापर्यंत येतात. सोमेश्वराच्या घाटावरचे खाऊ घालणे तेवढे राहिले आणि गळ गळून पडला. सॅमन परत सोडण्याचा कायदा स्कॉटलंडला २०१५ साली करावा लागला. या डोहांवर तो न लिहिता पाळला जात होता. मात्र त्यात फार रमू नये. डोहाच्या वर आणि खाली धरणे झाली, सांडपाणी आले, आणि देवाच्या माशालाही चढणीच्या वाटा लागतात.

'चढणीचे मासे' हा मराठी शब्द पाहा. मृगाच्या पहिल्या पुरात उलट्या धारेने ओढ्या-नाल्यांत चढणारे मासे. कोकणात यालाच वलगण म्हणतात. सॅमनसाठी इंग्रजीत जे वाङ्मय आहे ते सगळे या एका शब्दात मावेल अशी त्याची ताकद आहे. काटोलला जाम नदीवर पहिला पूर आला की आजही पोरे गरी आणि टोपल्या घेऊन धावतात. पुढे वर्धेला मिळणारी ही नदी वर्षातले बरेच महिने डबक्यांची माळ असते. पण त्या चार दिवसांत तिच्यात काय चढते ते पाहणाऱ्याला ठाऊक. हे आमचे १५ जानेवारी. फरक एवढाच की इथे चढणीचा मासा अंड्यांनी भरलेला असताना धरला जातो, आणि तो धरू नये हे जाणत्या भोयांनीच सांगितलेले मी ऐकले आहे, कायद्याने नव्हे.

हा काठावरचा शब्द मराठीत मनापासून कोणी उतरवला असेल तर मारुती चितमपल्लींनी. वनखात्यातल्या नोकरीत त्यांनी विदर्भातल्या ढीवरांकडून, गोंडांकडून पक्ष्यांची, झाडांची, माशांची नावे विचारून घेतली आणि ती कोणाकडून घेतली हेही सांगितले. 'नवेगावबांधचे दिवस' वाचताना तळ्याकाठचा माणूस माहितीचा स्रोत म्हणून नाही तर सोबती म्हणून भेटतो. पक्षिकोशाचे कौतुक पुष्कळ झाले. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम ही शब्दांची पावती देणे आहे. साइक्सने पावती दिली नव्हती.

आता थांबून चालणार नाही अशी एक गोष्ट. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपन्यांनी १९७० च्या दशकात महसीरचे बीज तयार करायला सुरुवात केली. काम स्तुत्य होते. तिथली खुद्रीची पिल्ले देशभर दिली गेली, त्यांतली कावेरीतही सोडली गेली, गळवाल्यांना मोठा मासा मिळावा म्हणून. कावेरीत आधीच एक मोठा, पाठीला मदार असलेला, नारिंगी परांचा महसीर होता. थॉमसच्या काळापासून शौकिनांची पुस्तके ज्याच्या वर्णनांनी भरली, तोच. खुद्री तिथे फोफावला आणि मदारवाला मागे हटला. गंमत अशी की दीड शतक पुस्तके लिहूनही या माशाला शास्त्रीय नाव नीट लावलेले नव्हते. २०१८ साली तो 'टॉर रेमादेवी' असल्याचे सिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. त्याच वर्षी आपल्या खुद्रीला मात्र धोका नसल्याचा दाखला मिळाला. गळाचे साहित्य इतके समृद्ध, आणि मासा जवळजवळ संपल्यावर त्याची ओळख पटली. काठावरचे लोक त्या दोन माशांना दोन नावांनी हाक मारत होते का, हा प्रश्न वेळेवर विचारला असता तर?

विदर्भात याच घडीला हे चालू आहे. भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांत कतला, रोहू, मृगल यांचे बीज सोडले जाते. त्यांना भाव आहे. देशी जाती मागे पडतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची नावे. काही ढीवर सोसायट्या देशी मासे आणि पाणवनस्पती तळ्यांत परत आणत आहेत. ते काम करताना कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते हे म्हाताऱ्यांना विचारावे लागले. म्हणजे 'मत्स्यविनोदा'तलेच प्रश्न, आठशे-नऊशे वर्षांनी, या वेळी ज्याचे ज्ञान त्याच्याच नावावर. राज्य सरकारने २०२३ साली पापलेटला राज्यमासा केले. समुद्राचा मान राखला, ठीक. नदीच्या माशाचे नाव तेव्हा चर्चेत आले असते तर आनंद झाला असता.

सोमेश्वराच्या यादीवर आजवर जे लिहिले गेले ते मुख्यतः कोश आणि प्राणिशास्त्र समोर ठेवून. ती तीस-पस्तीस नावे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहावीत आणि कृष्णा, भीमा, मांजरा, वर्धा, वैनगंगा अशा नद्यांवर जाऊन साठीच्या पुढच्या भोयांना, ढिवरांना आणि त्यांच्या बायकांना वाचून दाखवावीत, कारण बाजारात मासा त्या विकतात आणि नावे त्यांच्या तोंडी जास्त. सोबत साइक्सची यादी आणि त्याची चित्रेही न्यावीत. कोण काय म्हणाले ते गाव, नदी आणि माणसाच्या नावासह उतरवून घ्यावे. पावसाळ्याच्या तोंडाशी जावे, चढण सुरू व्हायच्या आधी. त्या दिवसांत जाळी दुरुस्त करत माणसे घरीच असतात.